छातीतली जळजळ: दोष तांबड्या रश्शाचा की रात्रीच्या वेळेचा?

शाहूपुरी, कोल्हापूर येथील वाचकांस सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांच्या सोयीसाठी त्याचा सारांश आधी देतो. आपले वय 47 असून मार्केट यार्डात आपली गुळाची अडत आहे. हंगामात दुकानाचा हिशेब उरकून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, बुधवारी आणि रविवारी घरात मटणाचा बेत असतो, आणि जेवून अकराच्या आत आपण अंथरुणाला पाठ टेकता. गेल्या वर्षभरापासून मध्यरात्रीनंतर छातीत जळजळ होते आणि घशाशी आंबट पाणी येते, म्हणून वहिनींनी आपला तांबडा रस्सा बंद करून नुसता पांढरा वाढायला सुरुवात केली. पोटाला थंडावा मिळावा म्हणून आपण जेवणानंतर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन पेलाभर म्हशीचे दूधही घेऊ लागलात. जेवताना पाणी प्याल्याने जठराग्नी विझतो, असे आपले मेहुणे सांगतात, तर महिन्यातून एकदा एरंडेल घेऊन कोठा धुऊन काढावा, असा मातोश्रींचा आग्रह आहे. एवढे सगळे करूनही जळजळ कमी न होता वाढली आहे, तेव्हा रात्री खाल्लेले अन्न सकाळपर्यंत पोटात कुजत पडते काय, आणि येत्या आखाडात मटण वर्ज्य करावे काय, असे आपण विचारले आहे.

यातील एकाही प्रश्नाला हात घालण्याआधी पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून टाकलेल्या एका वाक्याकडे वळतो. जोतिबाच्या पायऱ्या चढताना छाती जड होते आणि थोडे थांबून ढेकर दिला की मोकळे वाटते, असे आपण लिहिले आहे आणि त्याचा दोषही गॅसवर टाकला आहे. चालताना किंवा चढताना येणारे आणि थांबल्यावर ओसरणारे छातीतले जडपण हे पोटाचे नसून हृदयाचे असू शकते, आणि ढेकर आल्याने बरे वाटले की केवळ थांबल्याने बरे वाटले, हे रुग्णाला स्वतःला ओळखता येत नाही. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून हृदयाचा आलेख काढून घ्यावा आणि त्यांनी सांगितलेल्या पुढील तपासण्याही कराव्यात. छातीत दाब येऊन घाम फुटला, दम लागला किंवा वेदना जबड्याकडे अथवा डाव्या हाताकडे सरकली, तर ओवा-सोड्याचे प्रयोग करत घरी न बसता थेट रुग्णालय गाठावे. 'गॅस धरला असेल' या समजुतीपायी मोलाचे तास वाया गेलेले रुग्ण मी अनेक पाहिले आहेत. पुढील मजकूर ही तपासणी झाली असे धरून वाचावा.

आता अन्न कुजण्याविषयी. जठरात अन्न कुजत नाही. कुजणे हे जंतूंचे काम आहे आणि जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की अन्नाबरोबर आलेले बहुसंख्य जंतू तेथेच मरतात. जठरात अन्न घुसळले जाते, आम्लात भिजते आणि पेप्सिन नावाच्या विकराने त्यातील प्रथिने तुटू लागतात. मात्र हे काम किती वेळ चालणार, हे आपण काय आणि किती खाल्ले यावर अवलंबून असते, आणि आपल्या दुखण्याची सुरुवात याच ठिकाणी आहे.

या वेळेचा पहिला नीट अभ्यास अगदी विचित्र योगायोगाने झाला. अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर 1822 साली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, परंतु जखम भरताना त्याच्या जठराला बाहेर उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी पुढे अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ते बाहेर ओढून किती विरघळले आहेत हे पाहिले. (त्या बिचाऱ्या तरुणाला हे सारे किती मनापासून मान्य होते, हा प्रश्न आजही अस्वस्थ करतो.) बोमाँट यांनी 1833 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींत उकडलेला भात साधारण तासाभरात जठरातून निघून गेल्याचे दिसते, तर भाजलेल्या चरबीयुक्त डुकराच्या मांसाला पाच तासांहून अधिक वेळ लागल्याचे दिसते. मनुष्य रागावलेला असला की पचनाचे काम बिघडते, हेही त्यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले होते.

स्निग्ध पदार्थांना एवढा वेळ का लागतो, याचे कारण जठराच्या खालच्या दारात आहे. अन्ननलिकेतून घास आठ-दहा सेकंदांत जठरात उतरतो, परंतु जठरातून पुढे जाण्याची परवानगी इतक्या सहज मिळत नाही. जठराच्या भिंती मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचन पावून अन्न खालच्या दाराकडे ढकलतात आणि जे कण एक-दोन मिलिमीटरहून बारीक झाले असतील तेवढेच थोडेथोडे पुढे सुटतात, बाकीचे परत घुसळण्यासाठी मागे येतात. पुढे लहान आतड्याचा पहिला, सुमारे 25 सेंटीमीटर लांबीचा भाग, म्हणजे ग्रहणी, येणाऱ्या मालाची जणू परीक्षाच घेते. तिला स्निग्धांश जाणवला की ती रक्तात एक संप्रेरक सोडते, त्यामुळे पित्ताशय आकसून पित्त बाहेर टाकते, स्वादुपिंडातून पाचक रस येतो आणि त्याच वेळी जठराला 'जरा थांब' असा निरोप पोहोचतो. स्निग्धांश पचवणे हे सावकाशीचे काम असल्याने ही व्यवस्था अगदी योग्यच आहे. आपल्या बाबतीत तिचा परिणाम एवढाच की रात्री दहाला घेतलेले भरपेट मटणाचे जेवण पहाटे दोन-तीनपर्यंत जठरात असू शकते, आणि त्यातले चार तास आपण आडवे असता.

आडवे होण्यात बिघडते काय, हे समजण्यासाठी वरच्या दाराकडे पाहावे लागेल. अन्ननलिका जठराला मिळते तेथे एक वर्तुळाकार स्नायू असतो आणि तो एरवी मिटलेला राहून जठरातले आम्ल वर येऊ देत नाही. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचे जाड अस्तर असल्याने आम्ल त्याला इजा करत नाही, पण अन्ननलिकेला असे संरक्षण नाही, म्हणून थोडेसे आम्लही वर आले तरी तिची आग होते. जठर तुडुंब भरून ताणले गेले की हा स्नायू वारंवार क्षणभर सैल पडतो. स्निग्ध पदार्थ, मद्य, तंबाखूतील निकोटिन आणि पुदिना यांनीही तो सैलावतो, तेव्हा जेवणानंतर पानाबरोबर किंवा गोळीतून घेतला जाणारा पेपरमिंटचा गारवा तोंडापुरताच खरा आहे. जेवणानंतर नव्याने पाझरलेले आम्ल अन्नात पूर्णपणे न मिसळता बराच वेळ त्याच्या वरच्या थरावर, म्हणजे नेमके या दाराजवळ साठून असते. मनुष्य उभा किंवा बसलेला असताना गुरुत्वाकर्षण त्याच्या बाजूने असते, शिवाय तोंडातली लाळ दर मिनिटाला गिळली जाऊन वर आलेले आम्ल धुऊन काढते. झोपेत गुरुत्वाकर्षणाची मदत संपते आणि लाळ सुटणे व गिळणे दोन्ही जवळजवळ थांबतात. त्यामुळे दिवसा मिनिटभरात निवळले असते ते आम्ल रात्री बराच वेळ अन्ननलिकेत राहते. आपली जळजळ मध्यरात्रीनंतरच का येते, याचे उत्तर हे आहे.

आता वहिनींच्या उपायाकडे येतो, आणि तो त्यांनी काळजीपोटीच केला असल्याने माझे म्हणणे त्यांनी रागाने घेऊ नये. तांबडा रस्सा जिभेला झोंबतो, म्हणून जळजळीचा आरोप त्याच्यावर येतो. मिरचीतील कॅप्सायसिन हे उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहींना चेतवते, त्यामुळे प्रत्यक्ष भाजले नसतानाही भाजल्यासारखे वाटते. आधीच आम्लाने हुळहुळी झालेल्या अन्ननलिकेला तिखट जास्त लागते हे खरे, आणि ज्यांना तसा त्रास होतो त्यांनी ते कमी करावे हेही योग्य. परंतु पांढऱ्या रश्शात काय असते, हे एकदा पातेल्यापाशी उभे राहून पाहावे. मटणाचे अळणी, नारळाचे घट्ट दूध, वाटलेले काजू, खसखस आणि तीळ, म्हणजे जवळजवळ प्रत्येक घटकात भरपूर स्निग्धांश. तांबड्या रश्शावर आलेला तेलाचा कट निदान डोळ्यांना दिसतो आणि पळीने बाजूला काढता येतो, तर पांढऱ्यातला स्निग्धांश नारळाच्या दुधात असा एकजीव झालेला असतो की दिसतही नाही आणि काढताही येत नाही. चवीला तो सौम्य लागतो म्हणून मनुष्य एका वाटीवर थांबतही नाही. आपण लिहिता की तांबडा बंद झाल्यापासून आपण पांढऱ्याच्या तीन-चार वाट्या घेता. जठराच्या दृष्टीने पाहिले तर आपण हलका पदार्थ सोडून जड पदार्थ वाढवला आहे.

दुधाची कथा याहून थोडी वेगळी आहे. दूध पोटात जाताच आम्लाची तीव्रता कमी होते आणि पंधरा-वीस मिनिटे खरोखरच बरे वाटते, म्हणून त्याच्यावरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. शिकागोचे डॉक्टर बर्ट्रम सिपी यांनी 1915 मध्ये जठरव्रणाच्या रुग्णांना तासातासाने दूध आणि साय देण्याची उपचारपद्धती मांडली आणि ती कित्येक दशके जगभर चालली. पुढे असे दिसून आले की दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम हे जठराला अधिक आम्ल तयार करायला लावतात, आणि ती पद्धती मागे पडली. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो, तो आधीच भरलेल्या जठराचे रिकामे होणे आणखी लांबवतो. कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेल्या, फेसाने काठोकाठ भरलेल्या पेल्याची गोडी मला ठाऊक आहे आणि तो आनंद कोणी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. तो संध्याकाळी, रिकाम्या पोटी घ्यावा, आणि दूध उकळून प्यावे. धारोष्ण दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

तिखटाने पोटात व्रण होतो, ही भीतीही आपल्या पत्रात आहे. जठर आणि ग्रहणीतील बहुतेक व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या वापरामुळे होतात. हा जिवाणू शोधून काढल्याबद्दल ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शल यांनी 1984 मध्ये त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला होता. आपण गुडघेदुखीसाठी अधूनमधून औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी घेता, असे लिहिले आहे. तिखटापेक्षा मला त्या गोळीची काळजी अधिक वाटते, तेव्हा तिचे नाव डॉक्टरांना अवश्य सांगावे.

मेहुण्यांच्या पाण्याविषयी थोडक्यात. जेवताना घेतलेल्या पेलाभर पाण्याने पचन बिघडत नाही. पाणी जठरातून लवकर पुढे जाते आणि आम्ल थोडे पातळ झालेच तर जठर ते नव्याने तयार करते. दिवसभरात जठर स्वतःच दीड-दोन लिटर रस पाझरते, त्यापुढे एका पेल्याचे काय! मात्र तुडुंब जेवणावर तांब्याभर पाणी ढोसल्याने जठर आणखी ताणले जाते आणि वरचे दार सैल पडते, तेवढे टाळावे.

मातोश्रींच्या एरंडेलाचा प्रश्न आतड्यांचा आहे. जठरातून सुटलेला लगदा लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस यांच्याबरोबर मिसळतो आणि खरे पचन तेथे पूर्ण होते. या आतड्याची लांबी सुमारे सहा मीटर असून आतील बाजूस लक्षावधी सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्यातून पोषक द्रव्ये रक्तात शोषली जातात. या उंचवट्यांवरील पेशींचे आवरण तीन ते पाच दिवसांत संपूर्ण नवे होते, त्यामुळे तेथे वर्षानुवर्षे काही चिकटून बसले आहे आणि ते खरवडून काढायला हवे, ही कल्पना निराधार आहे. आपण प्यायलेले पाणी आणि शरीराने सोडलेले रस मिळून दिवसाला सुमारे नऊ लिटर द्रव या आतड्यात उतरतो, त्यातील दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यात पोहोचतो, आणि शेवटी मलावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. गुऱ्हाळातल्या काहिलीत रस आटत आटत घट्ट व्हावा तसा हा प्रकार आहे, फरक इतकाच की येथे जाळ नसतो आणि आटलेले पाणी वाया न जाता रक्तात परत येते. एरंडेल आतड्याला उत्तेजित करून हे शोषण होऊ देत नाही आणि पाणी तसेच बाहेर लोटते. त्यातून हलके वाटते, परंतु जठराच्या जळजळीवर त्याचा काहीही उपाय होत नाही. मातोश्रींचे वय पाहता त्यांनी स्वतःही ते वारंवार घेऊ नये, अशी माझी विनंती आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

मिसळ खाल्ल्यावर पोट फुगते, असेही आपण लिहिले आहे, पण हा वेगळा मामला आहे आणि त्याचा जळजळीशी फारसा संबंध नाही. कडधान्यांतील काही शर्करा तोडणारे विकर माणसाच्या शरीरात नसते, त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तेथील जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. मटकी भिजवलेले पाणी ओतून दिले आणि चांगले मोड आणले की त्या शर्करा बऱ्याच कमी होतात.

आता आपण करायचे काय. रात्रीचे जेवण आणि झोप यांच्यात निदान तीन तासांचे अंतर ठेवावे. आपल्या धंद्यात रात्री आठला घरी पोहोचणे शक्य नाही हे मी जाणतो, म्हणून वहिनींना सांगून सायंकाळी सातच्या सुमारास दुकानावरच भाकरी, भाजी आणि आमटीचा डबा मागवावा आणि घरी गेल्यावर लागलेच तर थोडासा भात व पातळ ताक एवढ्यावर भागवावे. पहिले चार-सहा दिवस दहाला भूक चाळवेल, ती सवयीची असते. मटणाचा बेत रविवारी दुपारी ठेवावा आणि बुधवारचा सोडावा. जेवणानंतर लवंडायचेच असेल तर डाव्या कुशीवर लवंडावे. त्या स्थितीत जठराची पिशवी अन्ननलिकेच्या मुखापेक्षा खाली राहते, उजव्या कुशीवर नेमके उलटे होते. आपल्याकडची दुपारची वामकुक्षी या बाबतीत शहाणपणाची आहे. पलंगाच्या उशाकडील दोन्ही पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उंच करावी. उशांचा ढीग रचू नये, कारण त्याने नुसते पोट दुमडते आणि आतला दाब वाढतो. आपल्या कंबरेचा घेर वाढल्याचे आपणच लिहिले आहे. पाच-सात किलो वजन उतरले तरी जठरावरचा दाब कमी होऊन फरक जाणवतो. तंबाखू तर सोडायलाच हवी.

औषधाबाबत आपली एक चूक होत आहे. आपण आम्ल कमी करणारी गोळी रात्री जळजळ सुरू झाल्यावर घेता. या प्रकारच्या गोळ्या जठरातील आम्ल तयार करणारे पंप बंद करतात, आणि जेवणाने ते पंप चालू होण्याच्या वेळी औषध रक्तात असेल तरच त्यांचा पूर्ण उपयोग होतो. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर तात्पुरता आराम देणारी औषधे म्हणजे पांढरे पातळ औषध किंवा फेसाळणारी पावडर. त्यातील फेसाळणाऱ्या पावडरीत सोडियम पुष्कळ असल्याने रक्तदाब असणाऱ्यांनी ती टाळावी. कोणतीही गोळी महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये. हे सारे नीट पाळूनही दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर पोटाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. घास अडकू लागला, वजन विनाकारण घटू लागले, शौचास डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसले किंवा रक्त कमी झाल्याचे निदान झाले, तर दोन महिने थांबू नये आणि तपासणी लगेच करावी.

आखाडात मटण वर्ज्य करण्याचे कारण नाही. पाहुण्यांसह जेवणाची पंगत दुपारी एक वाजता बसवावी, कट बाजूला सारून तांबडा रस्सा घ्यावा, पांढरा वाटीभरच घ्यावा, आणि मटणाच्या शेवटच्या फेरीला पानावर हात आडवा धरावा. त्या रात्री जेवला नाहीत तरी चालेल.

आपला स्नेहांकित,
सल्ला सदराचा लेखक